डावा काठ

कागद कशापासून होतो असं कुणालाही विचारा, झाडापासून, असं ठोकून सांगतील. झाडापासून म्हणे! झाड फोडलं आणि आतून वही निघाली, इतकं सोपं असतं तर थोरल्या सुनेच्या बोटांची अशी दशा कशाला झाली असती? या घरातला कागद होतो तुतीच्या सालीचा आणि शिंप्याकडून आणलेल्या सुती चिंध्यांचा. साल सोड्याच्या पाण्यात उकळायची, धुवायची, वरचा काळा पापुद्रा नखाने सोलून काढायचा, मग चिंध्यांबरोबर कुटायची. इतकी कुटायची, की साल कुठली आणि सदरा कुठला हे सांगता येऊ नये. तो लगदा पाण्याच्या हौदात सोडायचा आणि ढवळत राहायचं, कारण जरा दुर्लक्ष झालं की तो तळाला जाऊन बसतो.

उकळणं आणि कुटणं थोरलीच्या नवऱ्याकडे. कुटायच्या यंत्राच्या धडधडीत त्याचे कान केव्हाच गेले. बायको काय बोलते ते ऐकू येत नाही म्हणूनच स्वारी इतकी सुखी दिसते, असं धाकटी जाऊ म्हणायची, आणि तेही त्याच्या तोंडावर, हसत हसत. सुकलेले ताव उजेडात धरून चांगले-वाईट निवडणं सासूबाईंकडे. चिंध्या आणणं दिराकडे, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडे. आणि हौद या दोघी जावांकडे.

हौदाचं काम एकटीचं नव्हे. थोरली जाळीचा साचा पाण्यात बुडवायची, वर उचलायची, आणि उचलता उचलता त्याला एक हेलकावा द्यायची, पुढे-मागे, मग आडवा. त्या हेलकाव्यावर सगळा खेळ. पाणी जाळीतून गळून जायच्या आत धागे एकमेकांत अडकले पाहिजेत आणि सगळीकडे सारखे पसरले पाहिजेत. मग साचा शेजारी उभ्या असलेल्या धाकटीकडे जायचा. ती तो लोकरीच्या फडक्यावर उपडा करून दाबायची, उचलायची, आणि ओला ताव फडक्यावर राहायचा. त्यावर फडकं, त्यावर ताव. कोपराला कोपर लावून दोघींनी अशी कित्येक वर्षं काढली. भांडण सकाळी सुरू व्हायचं ते जेवायच्या सुट्टीपर्यंत पुरायचं.

"जाऊबाई, ढवळा की! लगदा बसतोय."

"मला डोळे आहेत."

"डोळे आहेत हो, हात कुठे आहेत?"

अशी तिची जीभ. ती धाकटी तापाने गेली. चार दिवस अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी उठलीच नाही.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगायलाच हवं, कारण गल्लीत अजून तेच बोलतात. घरात माणसं जमलेली, दीर भिंतीला डोकं लावून बसलेला, सासूबाई ऊर बडवत होत्या, आणि थोरली मधूनच उठली, मागच्या शेडमध्ये गेली आणि काठी घेऊन हौद ढवळू लागली. शेजारीण बघायला आली तर ही म्हणते, "लगदा बसेल." झालं! बाई दगड आहे, असं त्याच संध्याकाळी सगळ्यांचं ठरलं. जावाजावांचं पटत नव्हतंच, असंही कुणी जोडलं. थोरलीच्या कानावर ते आलं आणि तिला काही वाटलं नाही. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायची, अंथरूण घातलं की पडायची. रडू येत नाही म्हणून लाजही वाटत नव्हती. डोळ्यांच्या मागे कुणी तरी चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या.

हौद पुन्हा सुरू झाला तेव्हा धाकटीच्या जागी दीर उभा राहिला. लहानपणापासून बघितलेलं काम, हात बरा होता. उंच माणूस, त्यामुळे धाकटी ज्या फळीवर उभी राहायची ती त्याने पायाने टेबलाखाली सारली. दोघं दिवसभर एक शब्द न बोलता ताव काढत. आणि ताव बिघडू लागले.

एखाददुसरा नव्हे, सगळेच. डावा काठ जाड, उजवा नेहमीसारखा. एका तावात कळत नाही, पण गठ्ठा रचला की डावी बाजू वर चढते. बाईंडर गठ्ठा न्यायला आला तेव्हा त्याने तो टेबलावर ठेवला, खिशातली पेन्सिल त्यावर ठेवली आणि पेन्सिल घरंगळत उजवीकडून खाली पडली. भला माणूस, आवाज चढवला नाही.

"वहिनी, याचं पुस्तक बांधलं तर ते कपाटात उभंच राहायचं नाही. दारू प्यायल्यासारखं झुकेल."

"बघते," थोरली म्हणाली.

"तुमच्याकडचा कागद आहे म्हणून बोलतो. पुढची खेप सरळ आली तर उत्तम. नाहीतर मी दुसरीकडून घेईन, माझाही इलाज नाही."

तो गेल्यावर सासूबाई निवडायच्या टेबलामागून म्हणाल्या, "हात गेला तुझा."

हे या घरात उगाच कुणी म्हणत नाही. थोरलीच्या सासऱ्यांचा हात असाच गेला होता. आयुष्यभर साचा उचललेला माणूस, एका सकाळी हेलकावा द्यायला गेला आणि देता येईना. ताव ढगाळ निघू लागले, इथे दाट, तिथे विरळ. वैद्य झाले, तेल झालं, हात परत आला नाही. मग उरलेला जन्म ते कोपऱ्यात बसून चिंध्यांची बटणं काढत होते, आणि हौदाकडे पाठ करून बसत. थोरलीने ते डोळ्यांनी पाहिलेलं. आता आपल्यालाही त्या कोपऱ्यात बसायचं आहे, हे तिला समजत होतं. हौद गेला तर तिच्याकडे दुसरं काहीच उरत नव्हतं, हेही समजत होतं. समजत होतं, पण भीती काही वाटेना.

नवऱ्याने हौद पातळीत आहे का ते बघितलं. दिराने साच्याची जाळी काढून नवी ताणली. एकदा साचाच बदलला. डावा काठ जाडच. शेवटी सासूबाईंनी सांगून टाकलं की साचा उचलायला बाहेरचा माणूस ठेवायचा, पुढच्या सोमवारपासून.

"तू माझ्याबरोबर निवडायला बस. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटत, आई," थोरली म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

सोमवारच्या आधीची गोष्ट. दीर चिंध्या आणायला शिंप्याकडे गेला होता आणि हौदात लगदा पडून होता. वाया कशाला घालवायचा? थोरलीने एकटीनेच ताव काढायला घेतले. साचा उचलायचा, पाणी गाळायचं, दोन पावलं सरकायचं आणि आपणच उपडा घालायचा. काम चेंगट होतं, पण तिला घाई कसली होती? फडक्यांची चळत वाढत वाढत छातीपर्यंत आली. हात पुरेनात, तेव्हा तिने पायाने टेबलाखालची फळी ओढली, तीवर चढली आणि राहिलेले ताव घातले. मग नवऱ्याला हाक मारली, म्हणजे जाऊन त्याचा सदरा ओढला, आणि दोघांनी चळत दाबयंत्राखाली ठेवून त्याचा स्क्रू पिळला.

ताव सुकले. सासूबाई निवडायला बसल्या, आणि थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"अगं ए, इकडे ये. हे खालचे ताव तुझे नेहमीचेच, डावीकडे जाड. वरचे कुणी काढले?"

"मीच. दुसरं कोण होतं?"

"वरचे सरळ आहेत." त्यांनी एक ताव खिडकीपाशी धरला, पालथा केला, पुन्हा धरला. "अगदी पूर्वीसारखे. काय केलंस?"

"काही नाही केलं. फळीवर उभी राहिले."

सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ही आता कामातून गेलीच. थोरली शेडमध्ये परत आली आणि तिने ती फळी उचलून उजेडात धरली.

साधी फळी. वर्षानुवर्षं पाण्यात उभी राहून काळी पडलेली. डाव्या पायाच्या जागी खोल खळगा पडला होता, टाचेशी तर बोट बुडेल इतका. उजव्या पायाची जागा मात्र जवळपास कोरीच होती. थोरलीने फळी खाली ठेवली आणि तीवर उभी राहिली. डावा पाय आपसूक खळग्यात गेला, अंग डावीकडे कललं, आणि टेबलावर हात टेकले तर सगळा भार डाव्या हातावर.

धाकटीचा उजवा खांदा लहानपणी जिन्यावरून पडून मोडला होता आणि तसाच वाकडा जुळला होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीकडे कोण बघतं? उजव्या हाताने जोर लागायचा नाही, म्हणून ती साचा डावीकडे झुकून दाबायची. डावीकडचा ओला लगदा तिच्या भाराने चेपून पातळ व्हायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिचे ताव डाव्या काठाला फाटायचे, सासूबाई तिला फैलावर घ्यायच्या, आणि ही पोर हौदाआड तोंड लपवून रडायची. मग हळूहळू ताव फाटायचे थांबले. धाकटी शिकली, असं सगळे म्हणाले. धाकटीही तसंच समजायची, आणि त्याचा तोराही मिरवायची.

शिकली कुठली! शिकला होता थोरलीचा हात. हेलकावा देताना डावीकडे थोडा लगदा जास्त सोडायचा, म्हणजे तिने कितीही दाबलं तरी काठ सरळ राहील. हे थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं, तिने ठरवलं नव्हतं, आजपर्यंत तिला माहीतसुद्धा नव्हतं. हात गेला नव्हता. तो अजून धाकटीसाठीच ताव काढत होता.

दीर चिंध्यांचं गाठोडं घेऊन आला तेव्हा ती तशीच फळीवर उभी होती. तिने त्याला जे होतं ते सांगितलं, सरळ, सपाट आवाजात. तो ऐकून घेत राहिला. मग त्याने गाठोडं खाली टाकलं.

"मग सोपंच आहे की, वहिनी. तुमचा हात आहे तसा राहू दे. मी तिच्यासारखा उभा राहतो."

आणि तो राहिला. एवढा उंच माणूस, धाकटीच्या खळग्यात त्याचं अर्धं पाऊलही मावेना. डावा खांदा खाली घालून, कंबर मोडून तो साचे उपडे करू लागला. थोरली काढत होती, तो घालत होता. चळत वीतभर झाली असेल, आणि तो थांबला. हात डाव्या कमरेवर गेला होता.

"इथे दुखतं," तो म्हणाला.

"उतरा. थोडं बसा."

"ती रात्री म्हणायची, इथे जरा दाबून द्या." तो टेबलाकडेच बघत होता. "मी म्हणायचो, नाटकं करू नकोस, नुसतं उभं राहून कुणाची कंबर दुखते का?"

त्याने पुन्हा साच्यासाठी हात पुढे केला.

"उतरा, भाऊजी."

"राहू दे, वहिनी. होईल सवय."

"सवय नको. उतरा म्हणते ना! सरळ उभे राहा. हात मी सरळ करते."

तो उतरला. तिने साचा बुडवला आणि उचलला. हात आपल्या वाटेने डावीकडे निघाला, तसा तिने तो मध्येच अडवला, आणि ताव फाटला. तो हौदात परत सोडून दिला. दुसरा ढगाळ आला. किती काढले आणि किती मोडले, कुणी मोजलं नाही. दर वेळी डावीकडचं ते थोडंसं तिला काढून घ्यावं लागत होतं. हात देत नव्हता, आणि ती हिसकावून घेत होती. शेवटी एकदा साचा वर आला आणि पाणी सगळीकडून सारखं गळलं. तिला बघायचीही गरज नव्हती, मनगटाला कळलं. दिराने ताव सरळ उभं राहून घातला. सासूबाई उठून आल्या, वाकल्या, ओल्या तावाच्या दोन्ही काठांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आला गं बाई हात!" त्या म्हणाल्या. "त्या माणसाला सोमवारी येऊ नकोस म्हणून सांगा. हा ताव बिनदिक्कत जाईल बाईंडरकडे."

दीर हसला, कितीतरी दिवसांनी. थोरली त्या तावाकडे बघत होती. चांगला ताव होता, कुणीही घालावा असा. धाकटीने घातला असता तर डाव्या काठाला फाटला असता.

तिच्या हातातला साचा हौदात सुटला. आधी नुसताच घशातून आवाज आला, आणि मग ती रडली, गल्लीत ऐकू जाईल असं. हुंदका असा उठला की नवरासुद्धा यंत्र बंद करून दारात आला. सासूबाई गोंधळल्या. सगळं नीट झालं आणि आता काय झालं, हे त्यांना कळेना. त्यांनी हौदात डोकावून बघितलं.

"अगं, ढवळ तरी. लगदा बसतोय."

"बसू दे," थोरली म्हणाली. तिने फळी भिंतीशी ओढली, तीवर टेकली आणि तोंडावर पदर घेतला.

कुणी ढवळलं नाही.