नाकातला मारुती

आखातातल्या सीबच्या किनाऱ्यावर वारा पडला होता. अजिंक्यला हवं तसंच संथ पाणी. त्याचे वडील रमणराव मात्र वाळूत येरझाऱ्या घालत होते.

सोहारच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून पोरगं घुम्यासारखं घरात बसलेलं. जेवायलाही चार हाका माराव्या लागत. बोलायचं ते एकाच गोष्टीबद्दल: नव्वदेक वर्षांपूर्वी विलायतेत बांधायला घेतलेलं, पाण्यावरून उडून पाण्यावरच उतरणारं प्रवासी विमान. सांगाडा उभा राहिला आणि वरून हुकूम आला, रद्द! उरले फक्त आराखडे. त्यांवरून अजिंक्यनं दोन हात लांब, रिमोटवर चालणारं विमान बनवलं.

"खरं विमान उडालं असतं की नाही, कुणालाच ठाऊक नाही, बाबा," तो म्हणायचा, आणि तेवढ्यापुरते त्याचे डोळे जिवंत व्हायचे.

आज हे बुडालं, तर पोराचं काय होईल?

त्या धास्तीनंच रमणराव काल एक उद्योग करून बसले होते. दार्सैतच्या मंदिरात बुवांनी मारुतीच्या समुद्रउड्डाणाचं आख्यान असं रंगवलं, की झेपेच्या क्षणी पेटी-तबला थांबला आणि सगळी सभा श्वास रोखून बसली. तो प्रसंग डोक्यात घेऊनच रमणराव घरी आले, आणि देवघरातला अंगठ्याएवढा पितळी मारुती त्यांनी गुपचूप विमानाच्या नाकात बसवला. कापूस लावून, घट्ट.

आता अजिंक्य होडी घेऊन मदतीला आलेल्या शेजारच्या मच्छीमाराला समजावत होता, "हमझाभाई, सब वजन का खेल है. नाक जरा भारी हुई, तो सीधा पानी में."

रमणरावांनी विमानाच्या नाकाकडे पाहिलं. बोलावं तर पोरगं भडकेल. न बोलावं तर?

"यल्ला! चलो!" हमझा ओरडला.

"थांब!" रमणरावांचा आवाज फाटला. "नाकात... नाकात मारुती आहे."

"कोण आहे?"

"आपला. देवघरातला."

अजिंक्यनं झाकण उघडलं. कापसातल्या शेंदूर फासलेल्या मूर्तीकडे तो बघतच राहिला. रमणरावांनी मान खाली घातली. आणि मग हसू ऐकू आलं, खदखदून, कित्येक महिन्यांनी.

"तरीच म्हटलं, आज हे पुढं का झुकतंय!"

"दे इकडे. खिशात ठेवतो मी."

"राहू दे. मध्ये बसवतो, पंखाखाली. तिथं वजन चालेल. समुद्र ओलांडायचा अनुभव आपल्यात त्यालाच आहे ना!"

विमान सुटलं. मागं फेसाची रेघ लांबत चालली. नाक खाली जातंय का? रमणरावांनी डोळे गच्च मिटून नाम घ्यायला सुरुवात केली.

"बाबा, उघडा डोळे! उतरल्यावर बघणार का?"

त्यांनी भीत भीत पाहिलं. पाण्यावरची रेघ मध्येच संपली होती, आणि विमान तिच्या बरंच वर होतं.