डावीकडचे टायर

मास्तरांना टायर घ्यायला न्यायचं आणि टायर न घेताच परत आणायचं, अशी कामगिरी आईनं धाकटीवर सोपवली होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की या घरात सगळ्यांना धाकटीच आठवते. थोरला परगावी. त्याचं फोनवर एकच पालुपद, "बाबांना समजावून सांगा." समजावून सांगा म्हणे! ज्या माणसानं अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली, त्याला आता तुम्ही गाडी चालवू नका हे कुठल्या तोंडानं समजवायचं?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र आडपडदा ठेवला नव्हता. काचबिंदू. डाव्या बाजूची नजर कडेकडेनं कमी होत चाललेली. औषधानं आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. आई तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसलेली होती. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "डॉक्टर हुशार आहेत, पण सायकलवर येतात. त्यांना गाडीतलं काय कळतंय?" आणि किल्ली फिरवून आईला घेऊन सरळ घरी आले. त्यांच्यापुरता विषय मिटला.

आईनं तेव्हापासून धास्ती घेतली होती, पण तोंडानं बोलायची तिची तयारी नव्हती. "माझ्या तोंडून त्यांचा पाणउतारा नको," असं ती म्हणायची. मग गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले आणि तिला वाट सापडली. या म्हाताऱ्या गाडीला आता नवे टायर कशाला, विकून टाकू या, असा विषय धाकटीनं दुकानात काढायचा. गाडीच गेली की डोळ्यांचं नाव काढायलाच नको. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही, असा आईचा हिशोब.

धाकटी मास्तरांशेजारी बसली आणि निघाली. आता खरं सांगायचं तर मास्तर गाडी चालवताना त्यांच्याकडे बघत राहावं. गिअर बदलायला त्यांना दोन बोटं पुरत. पाठ ताठ, मान सरळ, नजर रस्त्यावर चिकटवलेली. लहानपणी तिला वाटायचं, गाडी रस्त्यावरून जात नाही, रस्ताच बाबांच्या हुकमानं मागे सरकतो. त्या क्षणीही तिला पुन्हा तसंच वाटलं, आणि आपण कुठल्या कामाला निघालोय ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

पोस्टाच्या वळणावर डावीकडून खर्र असा आवाज आला.

"काय वाजलं ग?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. खडा असेल."

"मलाही तसंच वाटलं," मास्तर म्हणाले, आणि जरा सैलावले.

मास्तरांची शाळा म्हणजे ही एवढी एक गाडी, तिच्या टपावरची पाटी आणि स्वतः मास्तर. ना खोली, ना फळा. पण खडू होता. तास सुरू व्हायच्या आधी डावीकडच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या अंगावर खडूनं एक गोल काढला जाई. ते काम धाकटीचं. शाळेला जाण्याआधी ती दप्तर पायरीवर टाकून टायराशी उकिडवी बसायची आणि जीभ बाहेर काढून गोल ओढायची. तास संपला की मास्तर वाकून बघत. गोल शाबूत असेल तर "शाबास." खडू पुसला असेल तर गाडी फूटपाथच्या कडेला घासली, आणि मग ज्यानं घासली त्यानं अख्खी गाडी धुवायची. तिथं लहानमोठा भेद नव्हता. बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी टाय पाठीवर टाकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाडी धुतलेली धाकटीनं डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं ते सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवला नाही.

"उजवी बाजू कुणालाही कळते," मास्तर प्रत्येकाला सांगत. "तिथं तू स्वतः बसलेला असतोस. स्वतःला सगळेच जपतात. डावीकडचं जपतो तो ड्रायव्हर."

गावात मास्तरांच्या शब्दाला एवढं वजन, की लग्नं ठरवताना लोक मुलाची चौकशी करायला त्यांच्याकडे येत. मास्तर चहाचा घोट घेत म्हणत, "मुलगा निर्व्यसनी आहे, पण हॉर्न फार वाजवतो. बघा बुवा." अशी निदान दोन लग्नं तरी मोडली असतील. धाकटीच्या नवऱ्याला त्यांनी पसंत केलं ते तो चढावर गाडी मागे न घसरू देता उचलायचा म्हणून. पगार त्यांनी विचारलाच नाही, तो आईनं विचारला.

काय दिवस होते ते! दारात सकाळपासून शिकणाऱ्यांची रांग, ओसरीवर चपला, आईचा चहा उतू चाललेला आणि मास्तरांचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जाणारा. "क्लच! अरे, क्लच म्हणजे काय शत्रू आहे का तुझा?"

टायरवाल्याचं दुकान चौकात होतं. तोही मास्तरांचाच विद्यार्थी. डोक्याला आता पार टक्कल पडलेलं, पण मास्तरांना बघून स्टुलावरून असा उठला, जसा काही खडू पुसलेला सापडलाय.

"या मास्तर! तुमची गाडी तीनदा धुतलीय मी. विसरलो नाही."

"चारदा," मास्तर म्हणाले. "चौथ्यांदा साबण कमी लावलास."

दुकानात नव्या रबराचा तो दाट वास होता. भिंतीला टायरांच्या उतरंडी लावलेल्या. मास्तर खुशीत आले. त्यांनी एकेक टायर उभा करून फिरवला, खाचांत नख रोवून पाहिलं, कधी बनलाय ते टायरवाल्याकडून वाचून घेतलं. टायरवाल्यानं दोन टायर काढून शेजारी शेजारी ठेवले.

"हा कडक रबराचा. आवाज करतो, ओल्या रस्त्यावर थोडा घसरतो, पण झिजता झिजत नाही. आणि हा मऊ. रस्ता धरून ठेवतो, पण लवकर उतरतो."

"मला काय विचारतोस? आयुष्यभर कडकच घातले. शिकाऊ पोरांनी मऊ टायर महिन्यात खाल्ले असते."

हीच वेळ, असं धाकटीला वाटलं. तिनं घसा साफ केला. "बाबा, मी काय म्हणते, या गाडीला आता नवे टायर घालायचे म्हणजे... गाडी किती जुनी झालीय. त्यापेक्षा विकूनच..."

"का ग? म्हातारपणी माणसं नवीन चपला घेत नाहीत का?"

टायरवाला खो खो हसला. आईनं रात्रभर जुळवलेली मसलत एका चपलेत निकालात निघाली.

"चारही कडक घाल," मास्तर म्हणाले. "माझ्या आधी हे टायर जायचे नाहीत, बघ तू."

टायरवाल्यानं डावीकडून जॅक लावला. नट सोडवले, पुढचं चाक खाली उतरवलं आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर घरंगळत आणलं. मग थांबून त्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. नेहमीच्या धुळीनं हात राखाडी व्हायचे, हे काळेकुट्ट झालेले. त्यानं हात नाकाशी नेला.

"मास्तर, टायराला बुटाचं पॉलिश?"

"काय बरळतोस?"

मास्तर पुढे आले. हल्ली त्यांचे गुडघे वाकत नसत, त्यामुळे टायर बघायचे ते उभ्याउभ्याच. आज त्यांनी धाकटीच्या खांद्याला धरलं आणि जमिनीवर चक्क बसकण मारली. टायरवाल्याकडून फडकं घेतलं आणि टायराचं बाहेरचं अंग पुसायला लागले. काळा थर निघत गेला, तसतसं खालचं रबर दिसायला लागलं. सगळीकडे खरवडलेलं. चरे, सालपटं, एके ठिकाणी बोटभर तुकडा उडालेला. आणि आतल्या दोऱ्या तुटल्यामुळे लिंबाएवढा फुगलेला एक फुगा. असा टायर भर रस्त्यात केव्हाही फुटतो. हे तिथे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

टायरवाल्यानं मागचं चाकही काढलं. त्याचीही तीच गत.

"तू लावलंस?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

"नाही हो बाबा. मला माहीतही नव्हतं."

"मग तिनं."

ते टायरावरून हात फिरवत बसले. धाकटीला वाटलं, आता गरजतील. पण आवाज आला तो अगदी बारीक.

"मला खर्रकन ऐकू यायचं ग. नाही असं नाही. म्हणून रोज सकाळी उठल्यावर टायर बघायचो. एकदा चरे दिसलेही. पण त्यानंतर पाहावं तर काळेभोर, एक ओरखडा नाही. मग वाटायचं, भास झाला असेल. म्हातारपणी कान वाजतात. म्हटलं, डॉक्टर काहीही सांगोत, टायर कधी खोटं बोलायचे नाहीत." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "परवा एक सायकलवाला डाव्या आरशाला लागता लागता वाचला. मी काच खाली करून त्यालाच शिव्या घातल्या. मागे पोरगी बसली होती त्याच्या. एवढीशी."

आई ही दुनियेतली सगळ्यात भित्री बाई. देवळाच्या पायऱ्यासुद्धा कठडा धरून उतरणारी. नवऱ्याच्या डोळ्यांची काळजी करकरून झुरली, आणि त्याच नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यापासून त्याचेच ओरखडे लपवत बसली. असलं शहाणपण याच घरात पिकतं. आणि आपण तरी काय केलं, धाकटीच्या मनात आलं. तासाभरापूर्वी खडा म्हणालो.

"बाबा, पोस्टापाशी खडा नव्हता."

"कळलं ते आत्ता." त्यांनी हात पुढे केला. धाकटीनं आणि टायरवाल्यानं मिळून त्यांना उठवलं. पँट झटकत ते म्हणाले, "पावसात ब्रेक कधी दाबतेस तू?"

"कोण, मी?"

"मग काय, हा टकल्या? ओल्या रस्त्यावर ब्रेक कधी दाबतेस? खरं सांग."

"जरा उशिराच."

"वाटलंच." ते टायरवाल्याकडे वळले. "कडक राहू दे रे. मऊ घाल. चारही मऊ."

तेव्हा धाकटीला रडू फुटलं. ज्या कामासाठी आली होती ते न बोलता झालं होतं, आणि झालं म्हणूनच तिला रडू आवरेना. टायरवाल्यानं तोंड फिरवून उगाचच हवेचा पाइप सरळ करायला घेतला. मास्तर म्हणाले, "पुरे. डोळे भरले की डावीकडचं दिसत नाही," आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

परतताना ते तिच्या शेजारी बसले. एक सूचना नाही की एक हुंकार नाही. पोस्टाच्या वळणावर धाकटीनं मुद्दाम फूटपाथपासून हातभर अंतर ठेवलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "एवढंही नको. मागचे शिव्या देतील."

आई फाटकात उभी होती. स्टिअरिंगवर धाकटीला बघून तिचा चेहरा उजळला. मग नव्या टायरांवर नजर गेली, मग मास्तरांकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

"चल, बस," मास्तर काच खाली करून म्हणाले. "एक फेरी मारून येऊ."

आई नेहमीसारखी मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढे ती कधीच बसायची नाही. शाळेची गाडी म्हणून तिथेही एक ब्रेक होता. लग्नानंतर पहिल्याच फेरीत तिनं घाबरून तो भर चौकात दाबला होता, तेव्हापासून तिची जागा मागेच. मास्तर पुढे आणि ती मागे, असाच त्यांचा संसार या गाडीतून फिरला. दवाखाने, लग्नं, मुलांच्या परीक्षा, सगळीकडे.

मास्तर पुढून उतरले. मागचं दार उघडलं आणि वाकून, कण्हत तिच्या शेजारी येऊन बसले.

"अहो, इथं काय? पुढं बसा ना."

"पुढं बसलो तर पाय ब्रेकवर जाईल. पोरीला चालवू दे."

आई थोडी सरकली. धाकटीला आरशात दोघंही दिसत होती. इतक्या वर्षांत तिनं ती दोघं या गाडीत शेजारी शेजारी बसलेली पाहिली नव्हती.

"कळलं का तुम्हाला?" आईनं हळूच विचारलं.

"हो."

"एकदा सकाळी तुम्ही ते चरे बघितलेत आणि चहा तसाच ठेवून आत जाऊन झोपलात. मला नाही बघवलं. म्हणून मग रोज पहाटे..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रागावलात?"

मास्तरांनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"रागावलोय तर. एवढ्या वर्षांत माझ्या एका बुटाला कधी इतकं सुंदर पॉलिश केलं नाहीस."

धाकटीनं आरशावरची नजर काढली, पहिला गिअर टाकला आणि गाडी रस्त्याला लावली.