वेराक्रूझच्या ट्रामवर सासूबाई

सात वर्षांत एर्मिलोनं सासूबाईंना फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं, आणि तेही धड नाही. कधी अर्धं कपाळ दिसायचं, कधी नुसता छताचा पंखा. त्यामुळे डोंगरातल्या वातुस्कोची बस लागली तेव्हा तो उगाचच सदऱ्याचं वरचं बटण लावून ताठ उभा राहिला. शेजारी त्याची सहा वर्षांची आंपारो एका पायावर उड्या मारत होती. आजीला तिनंच बोलावलं होतं. "माझ्या वाढदिवसाला ये, तुला खरा शार्क दाखवते," असं तिनं फोनवर सांगितलं, आणि डोंगरातून कधी खाली न उतरलेली आजी चक्क निघाली.

सासूबाई, ज्यांना सगळे आदरानं दोन्या क्रेसेन्सिया म्हणत, बसमधून उतरल्या. ठेंगणी मूर्ती, घट्ट वेणी, काखेत कापडी पिशवी. नातीला त्यांनी असं कुशीत घेतलं की पोरीचा रिबनचा बो चपटा झाला. मग मान वर करून त्यांनी जावयाला नखशिखांत न्याहाळलं.

"जावईबापू, पोट सुटलंय तुमचं."

"हो, दोन्या क्रेसेन्सिया. नोएमीच्या हातचं जेवण."

"तिला स्वयंपाक मी शिकवला नव्हता. म्हणजे तुम्ही काहीही खाता."

एर्मिलोनं पिशवी उचलली. ती दगडासारखी जड होती. आत बाईंनी घरची भाजून दळलेली कॉफी आणली होती, पाच किलो. बंदरातल्या कॉफीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्याच्या बायकोची, नोएमीची, मत्स्यालयाच्या तिकीटखिडकीवर दुपारी दोनपर्यंत ड्यूटी होती आणि एर्मिलोला अकराची फेरी चुकवता येण्यासारखी नव्हती. शनिवार, त्यात शाळांना सुट्ट्या. जुन्या ट्रामसारखी सजवलेली त्याची लाल बस चौकातून निघायची, आणि तो माइक धरून पाहुण्यांना शहर दाखवायचा. तेव्हा ठरलं असं, की आजी-नातीनं ट्राममध्येच बसायचं आणि फेरी संपली की तिघांनी मत्स्यालयात जायचं.

आधी चौकाच्या कमानींखाली कॉफी झाली. पेल्यात तळाशी काळी कॉफी आली. आंपारोनं चमच्यानं पेला टणटण वाजवला, तसा वाढपी दुधाची किटली घेऊन आला आणि त्यानं हातभर उंचीवरून धार सोडली. क्रेसेन्सियाबाईंनी एक घोट घेतला.

"जळकी आहे," त्या म्हणाल्या. मग पेला रिकामा केला आणि स्वतःच चमच्यानं टणटण वाजवलं. "अजून एक आणा. नक्की काय बिघडलंय ते कळायला हवं."

ट्राममध्ये त्या अगदी पहिल्या बाकावर बसल्या, एर्मिलोच्या नाकासमोर. मागे पुएब्ला शहरातून आलेलं एक मोठं कुटुंब होतं, दोन नवविवाहित जोडपी होती, एक निवृत्त मास्तर होते. एर्मिलोनं घसा खाकरला. सहा वर्षं हीच बडबड करणाऱ्या माणसानं त्या दिवशी माइक दोनदा तपासला.

"मंडळी, समोर पाण्यात तो सान हुआन दे उलुआचा किल्ला! स्पेनच्या लोकांनी पोवळ्याचे दगड रचून उभारला. याच्या भिंतींवर चाच्यांचे हजारो तोफगोळे आदळले, तरी..."

"हजारो?" पहिल्या बाकावरून आवाज आला. "मोजले कुणी?"

मागे खसखस पिकली. एर्मिलो म्हणाला, "शेकडो, दोन्या."

"तेही जास्तच वाटतात. भिंत बघा, गुळगुळीत आहे."

"आजी, पप्पा थोडं वाढवून सांगतात," आंपारोनं बापाची बाजू सावरली. "लोकांना आवडतं."

ड्रायव्हर नाबोर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. जुनी जकात कचेरी, दीपगृह, धक्क्यावरची आइसक्रीमवाल्यांची रांग, सगळीकडे तेच चाललं. एर्मिलो शंभर सांगे, सासूबाई दहावर आणत. गंमत म्हणजे पाहुणे आता त्याच्यापेक्षा बाईंकडेच कान लावून बसले होते.

जुन्या गल्लीतलं ते हिरव्या सज्जाचं घर जवळ आलं, तसा एर्मिलो नाबोरच्या कानाशी वाकला. "आज थांबू नकोस. सरळ काढ."

कारण त्या सज्जाची गोष्ट त्यानं स्वतः रचलेली होती. दोनशे वर्षांपूर्वी इथे एका व्यापाऱ्याची मुलगी राहायची, तिचा एका खलाशावर जीव जडला, बापानं दाराला कुलूप घातलं आणि एका पहाटे ती पळाली. अशी ती गोष्ट. खरं तर ती त्याची नि नोएमीची होती, फक्त कपडे जुने चढवलेले. सात वर्षांपूर्वी तो जत्रेत पाळणा चालवायला वातुस्कोला गेला होता. नोएमीचे वडील, कॉफीच्या मळ्याचे मालक डॉन बाल्दोमेरो यांनी "पाळणेवाल्याला मुलगी देऊ?" म्हणत त्याला अंगणातून हाकललं. दहा दिवसांनी पहाटेच्या बसनं दोघं बंदरात येऊन पोचले. तेव्हापासून मळ्यावर त्यांचं नाव काढायला बंदी होती; फोनही व्हायचे ते चोरून.

नाबोरनं गाडी दामटली, पण आंपारो ओरडलीच. "पप्पा! सज्जाची गोष्ट राहिली!"

"सांगा की हो!" पुएब्लाच्या आजोबांनीही री ओढली. नाबोरनं खांदे उडवून ब्रेक लावला.

एर्मिलोनं सांगायला सुरुवात केली, पण आवाज नेहमीसारखा लागेना. व्यापारी आला, खलाशी आला, कुलूप आलं. सासूबाई यावेळी मधे बोलल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून, सज्जाकडे बघत ऐकत राहिल्या. त्या गप्पपणानं तो आणखीच गांगरला.

"...आणि त्या पहाटे देवाची करणी बघा. फाटकाचं कुलूप उघडंच राहिलेलं. आणि अंगणातले दोन राक्षसासारखे कुत्रे, माशी बसली तरी भुंकणारे, ते माउलीच्या कृपेनं गाढ झोपलेले!"

"कुत्रे झोपत नसतात," क्रेसेन्सियाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"तसले कुत्रे पहाटे झोपत नसतात, जावईबापू. ते स्वयंपाकघरात होते. मुलीची आई चुलीशी बसून त्यांना चरबी लावलेले पोळीचे तुकडे भरवत होती, एकाला, मग दुसऱ्याला. हात थांबला की गुरगुरायचे म्हणून थांबताही येईना. सगळा डबा संपला. सकाळी नवऱ्यानं विचारलं, पोळ्या कुठायत? म्हणाली, उंदरांनी नेल्या."

कुणीतरी मोठ्यानं हसलं. एर्मिलोच्या हातातला माइक खाली आला.

"आणि कुलूप?" मागून मास्तरांनी विचारलं.

"कुलूप तिनंच काढून कडीला नुसतं अडकवलं. किल्ली तिच्याच कमरेला असायची ना." बाईंनी वेणी पाठीवर टाकली. "मुलगा तिला वाईट वाटला नव्हता. पाळण्यात पोरं बसली की प्रत्येकाची कडी दोनदा ओढून बघायचा. ती लांबून बघत होती."

खलाशाच्या गोष्टीत पाळणा कुठून आला, हे ट्राममध्ये कुणाला कळलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. पुएब्लाच्या एका बाईनं डोळे टिपले. शेवटी नाबोरनंच घंटी वाजवून गाडी हलवली.

चौकात सगळे उतरून गेले तरी तो पायरीवर उभाच होता. "दोन्या क्रेसेन्सिया, मग तुम्ही सात वर्षं... एक शब्द नाही..."

"मी बोलायचं?" त्या कडाडल्या. "नवऱ्यापुढे मला गप्प बसणं भाग होतं. तुम्हाला कुणी अडवलं होतं? त्या दिवसापासून मी ते कुलूप लावलंच नाही. रोज वाटायचं, येतील. शिव्या खातील, जेवतील. पण तुमचा ताठा!"

एर्मिलोनं मान खाली घातली. "भीती वाटायची," तो म्हणाला. ते खरं होतं.

"हं," त्या म्हणाल्या, जरा नरमून. "आणि हे नोएमीला सांगायचं नाही. एवढी एक बहादुरी केलीय तिनं आयुष्यात. कुत्र्यांना चकवलं म्हणून सांगत असेल ना?"

"दर वर्षी. लग्नाच्या वाढदिवसाला."

"सांगू दे. तुमची जीभ सैल आहे, म्हणून बजावते."

मत्स्यालयाकडे निघाले तेवढ्यात नोर्ते सुटला. उत्तरेचा तो वारा इथे असाच येतो, दाराला न टकटकता. क्षणात धक्क्यावरच्या छत्र्या उलट्या झाल्या, वाळू गालांना चावू लागली आणि लाटा रस्त्यावर येऊन आपटू लागल्या. एर्मिलोनं आंपारोला एका हातावर उचललं, दुसरा हात सासूबाईंच्या खांद्याभोवती घातला. त्यांनी तो झटकला नाही. पळता पळता समुद्राकडे बघून त्या म्हणाल्या, "केवढा आहे हो! आणि केवढा रागीट! आमच्या ह्यांच्यासारखाच."

दारात नोएमी उभी होती, गणवेशात, केस विस्कटलेले. आईला पाहिलं आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. आईला फुटले.

"वाळलीयस किती! हा सगळं एकटाच खातो का?"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की तिकिटाच्या रांगेतल्या लोकांनी गुपचूप वळसा घालून वाट काढली.

मोठ्या काचेसमोर आंपारोनं शार्क दाखवला. तो संथ, कंटाळल्यासारखा फिरत होता. आजीनं पिशवीतून फोन काढून एर्मिलोला दिला. "पोरीचा शार्कसोबत फोटो काढा. नीट. आजोबांना हवाय. तसं ते बोलले नाहीत. बसचं वेळापत्रक मात्र तेच टेबलावर ठेवून गेले."

एर्मिलोनं फोटो काढला. पहिल्यात शार्कची नुसती शेपटी आली, दुसऱ्यात आंपारोचे डोळे मिटलेले. तिसऱ्यात त्यानं नोएमी नि तिच्या आईलाही काचेपुढे उभं केलं. बाहेर वारा घोंघावत होता.

"आई, तुझी परतीची बस उद्या ना?" नोएमीनं जरा घाबरतच विचारलं.

"या वाऱ्यात?" क्रेसेन्सियाबाई म्हणाल्या. "शक्यच नाही. बंद असतील बस."

नोर्तेमध्ये बस कधी बंद पडत नाहीत, हे एर्मिलोला चांगलं ठाऊक होतं. त्यानं गंभीरपणे मान डोलावली.

"बंदच असतात, दोन्या. निदान आठवडाभर."

"हजारो वर्षं?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसल्या.