जोडीच्या हंड्याची बोली

मी मानकोलीच्या हौसाबाई पाटलांच्या घरातला कम्प्युटर बोलतोय. दचकू नका. पंखा घुरघुरतोय म्हणजे अजून जीव आहे माझ्यात.

माझी उमेदीची वर्षं दापोड्याच्या एका गोदामात गेली. दिवसभर खोक्यांच्या नोंदी, ट्रकांची धूळ आणि ‘अरे, जल्दी कर!’चा घोष. नवे कम्प्युटर आले तसं मला काढलं. तिथंच ड्युटी करणाऱ्या मनालीने मला घरी आणून सासूपुढे मांडलं. म्हणाली, “आई, शिका आता. किती टीव्ही बघाल?”

हौसाबाई शिकल्या. माउस धरायच्या तो कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. एखादं बटण जोरात दाबलं गेलं की मला विचारायच्या, “लागला का रं?” गोदामात असं कुणी विचारलं नव्हतं. मी तेव्हाच त्यांचा झालो.

एका दुपारी जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात त्यांना तांब्याचा हंडा दिसला. काठाखाली पोचा आणि शेजारी कोरलेलं, ‘केसरीनाथ – हौसा’. त्यांच्या लग्नातला हंडा! जुनं घर पाडून बंगला बांधताना तो चुकून भंगारात गेला होता. केसरीनाथांनी तो जाईपर्यंत शोधला. म्हणजे ते स्वतः जाईपर्यंत.

हंड्यावर नावं दोघांची, म्हणून बाईंनी खातीही दोन उघडली. एक आपलं, दुसरं नवऱ्याचं, त्यांच्या जुन्या मोबाइलच्या नंबरवर. तो मोबाइल त्या अजून रोज चार्ज करतात. या बाईंनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही. माझ्या बटणांवर मात्र एकेक अक्षर शोधून लिहिलं आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसल्या.

मग बोली. आधी आपली, मग त्यांची, पुन्हा आपली. पूजेला जोडीनं बसतात ना, तशी जोडीनं बोली! भाव चढत गेला. मला दिसत होतं, पण मला तोंड कुठंय?

संध्याकाळी मनालीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अहो आई, तुम्ही बाबांशीच चढाओढ करताय! तिसरं कुणीच नाहीये इथे.”

“त्यांना सोरून मी एकटीच कशी घेऊ गो?”

“पण हे वाचा ना, लिलाववाल्यांनी काय कळवलंय. एका माणसाला एकच खातं. उद्यापर्यंत दुसरं बंद केलं नाही तर दोन्ही बोली बाद. हंडा गेला मग.”

“मंग माझा बंद कर. त्यांचा ऱ्हाऊ दे.”

मनालीचा आवाज खाली आला. “आई, हंडा घेताना सही लागते. बाबा कुठून करणार?”

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. “एकदा पोचवून आलो त्यांना. आता परत माझ्याच हातानं पुसू? न्हाय जमायचा मना.”

मनालीने घाई केली नाही. ती शेजारी बसून राहिली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही तुमच्या खात्यात नुसतं ‘हौसा पाटील’ का लिहिलंत? आपण पूर्ण नाव लिहितो ना?”

बाईंनी चष्मा सारखा केला. दोन शब्दांच्या मध्ये जागा केली आणि ते नाव तिथे लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न चुकता. हौसा केसरीनाथ पाटील. मग दुसरं खातं स्वतःच्या बोटाने बंद केलं. पुटपुटल्या, “या. हिकरं या आता.”

मनाली उठून उगाचच पाणी प्यायला गेली. मला रडता आलं असतं तर मीही रडलो असतो.

हंडा घरी आला. बाईंनी चिंच लावून घासला. पोचा मात्र ठोकून काढू दिला नाही. आता तो माझ्या शेजारीच असतो.

मी थकलोय. सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच अडतो. नव्या लॅपटॉपच्या गोष्टी माझ्या कानावर येतात. येऊ देत. मला भंगारात द्यायचं तेव्हा खुशाल द्या. फक्त त्याआधी एकदा बाईंना माझ्यासमोर बसू द्या. ते नाव त्यांना अजून तोंडाने घेता येत नाही, माझ्या बटणांवर येतं.