जावईबापूची आंघोळ

शिवप्रसादकाकांच्या हातात अर्धी शाल होती. उरलेली अर्धी बोकडाच्या तोंडात होती आणि बोकड ती सावकाश, चव घेत आत ओढत होता. सोसायटीच्या चेअरमनपदाबद्दल झालेल्या सत्काराचे पेढे अजून वाटून व्हायचे होते. काकांनी काठी उचलली, ओसरीवरून काकूंनी नुसतं बघितलं आणि काकांनी काठी खाली ठेवली.

देवीला बोललेल्या बोकडावर हात उगारायचा नसतो. त्याला दावं लावायचं नसतं. तो ज्याच्या दारात जाईल त्यानं घासभर काहीतरी घालायचं असतं. आमच्याकडे एवढा मान फक्त जावयाला मिळतो, म्हणून गाव त्याला जावईबापू म्हणायचं. फरक एवढाच, की जावई कधीतरी परत जातो.

नवस हरिओमच्या लग्नाचा होता. काकांच्या या पोराकडं कंधारच्या अलीकडं काळी जमीन होती, ट्रॅक्टर होता, मिशा होत्या. फक्त नोकरी नव्हती. मुलींचे बाप यायचे, विहीर बघायचे, नोकरीचं विचारायचे आणि चहा अर्धा टाकून उठायचे. शेवटी काकांनी मरीआईपुढं नारळ ठेवला : पोराचं जमू दे, बोकड कापून कंदुरीचं जेवण घालतो. किल्लारीकडची आरती सून म्हणून घरात आली. मरीआईनं आपलं काम चोख केलं होतं. कंदुरी मात्र पाहुण्यांना सोयीची म्हणून शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी ठरली. तोवर बोकड जिवंत राहायला हवा होता आणि गावही.

या कामावर अयोध्याला ठेवलं. काकांच्या रानात खुरपायला येणाऱ्या सिंधूची ही पोरगी. नुकतीच सातवी झालेली. पुढचं हायस्कूल पलीकडच्या गावात, म्हणून मजुरी ठरली हरिओमची जुनी सायकल. काम सोपं होतं. बोकडाच्या मागं हिंडायचं आणि तो जिथं तोंड घालील तिथं माफी मागायची. त्यानं वाळवणाच्या कुरडया खाल्ल्या, मास्तरांची टोपी खाल्ली, मागच्या निवडणुकीची भिंतीवर उरलेली पोस्टरं खाल्ली. पोस्टरं खाताना त्यानं पक्षभेद केला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

वैशाखात ऊन असं तापलं, की जावईबापू लिंबाखाली जीभ काढून धापा टाकायला लागला. अयोध्यानं हौदातून बादली भरली आणि त्याच्या पाठीवर ओतली. शेळीच्या जातीला पाण्याचं वावडं. त्यानं अंग असं झाडलं, की तीच नखशिखान्त भिजली; वर त्यानं ढुशी देऊन तिला हौदात बसवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा ओतली. भांडण बरेच दिवस चाललं आणि मग कधीतरी मिटलं. दुपार कलली की तो आपण होऊन हौदापाशी येऊन उभा राहायला लागला. पाठीवर धार पडली की डोळे मिटून रवंथ करायचा आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत कुणाच्या कुरडयांकडं बघायचासुद्धा नाही.

नव्या घरात आरतीला बोलायला कुणी नव्हतं. तीही हौदापाशी येऊन उभी राहू लागली. एकदा तिनं लग्नातल्या आहेराचा वासाचा साबण आणून दिला. गावात गुलाबाचा वास येणारा बोकड त्यानंतर झाला नाही.

मरीआईच्या देवळात झाडलोट करणाऱ्या भामाबाईनं हे सगळं बघितलं आणि हसून अयोध्याला कायदा समजावला. कंदुरीच्या दिवशी बोकडाच्या अंगावर हळदीचं पाणी टाकत्यात. त्यानं अंग झाडलं, की देवीनं मान्य केलं.

"अन् न्हाई झाडलं तर?"

"तर देवीला नको म्हनायचं. सोडून द्यावं लागतंय त्येला जन्मभर."

त्या दिवसापासून आंघोळ दोन वेळा झाली, सकाळी आणि दुपारी. ही लबाडी होते का, याचा अयोध्यानं बादली भरता भरता विचार केला. देवीला बोकड पाहिजेच असला, तर त्याला थंडी वाजवणं देवीच्या हातात आहे. आपण फक्त पाणी ओततो. एवढा न्याय करून तिनं बादली उचलली.

रविवारी मांडव घातला. चुलीवर आधण ठेवलेलं, मसाला वाटलेला, भाकरीची चवड कमरेएवढी. नांदेडचे पाहुणे, किल्लारीचे पाहुणे, सोसायटीची सगळी मंडळी. व्यंकटी हा काकांचा गडी. त्यानं हळदीच्या पाण्याचा तांब्या बोकडाच्या पाठीवर ओतला. हलगी थांबली. सगळे बोकडाकडं बघायला लागले.

जावईबापूनं डोळे मिटले आणि रवंथ सुरू केली.

दुसरा तांब्या झाला. घागर झाली. बर्फ मागवून झाला. बोकड वळला आणि त्यानं दुसरी बाजू पुढं केली.

चुलीवरचं आधण आटत चाललं तसं मांडवात ज्ञान वाढत गेलं. कुणी म्हणालं नारळ नासका निघाला असंल. कुणी म्हणालं नवस बोलताना शब्द चुकला. मग काकांचे नांदेडचे मेहुणे सुपारी कातरत हळूच म्हणाले, नव्या सुनेचा पायगुण एकदा बघायला पाहिजे होता. हळूच म्हटलेलं मांडवाच्या टोकापर्यंत गेलं. आरती दारात वाट्यांचं ताट धरून उभी होती. तिचे वडील खाली मान घालून आपल्याच वहाणा बघायला लागले. ज्या पोरीसाठी काका वर्षभर बापांचे अर्धे चहा मोजत होते, तिच्याकडं आता घरातली सगळी माणसं अशी बघत होती, जशी शाल तिनंच खाल्ली.

आरतीनं अयोध्याकडं बघितलं. खरं काय ते तिला ठाऊक होतं, साबण तिचाच होता. तिनं नजर काढून घेतली आणि ती ताटातल्या वाट्या सारख्या करायला लागली.

अयोध्या पुढं आली.

"वहिनीचं काई न्हाई त्यात. म्याच रोज आंघोळ घालून राहिले त्येला. सवय झालीय पान्याची."

सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यांदा काका हसले. मेहुण्यांनी सुपारी तोंडात टाकली. पायगुणाचा विषय सुपारीबरोबर चघळला गेला. काकांनी अयोध्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"म्हंजी देवीची ना न्हाईच की. नुसती सवय हाय. व्यंकट्या, कानात सोड."

व्यंकटीनं बोकडाचा लांब कान धरला आणि चूळभर पाणी आत सोडलं. जावईबापू दचकला. त्यानं मान झाडली, मग सगळं अंग झाडलं. थेंब अयोध्याच्या तोंडावर उडाले. मान्य झालं, मान्य झालं, असा एकच गलका झाला आणि हलगी सुरू झाली.

"ह्यो होकार न्हाई," अयोध्या म्हणाली. "कान झाडला त्येनं. भामाआज्जी, तुमीच सांगितलं व्हतं की."

भामाबाईनं भाकरीच्या चवडीकडं बघितलं.

"पाव्हणे उपाशी हाईत, बाय. देवी बी समजून घेती."

बोकडानं अंग झाडलं नाही तर ती सवय आणि झाडलं तर तो देवीचा शब्द, हा कायदा अयोध्याला सातवीपर्यंत कुणी शिकवला नव्हता. देवळाकडं निघालेल्या घोळक्याच्या मधून ती उलट्या दिशेनं चालत घरी गेली. मागं पंगती बसल्या. आरतीनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतःला उपवास असल्याचं सांगितलं. रविवारी कसला उपवास, असं सासूनं विचारलं. आरती म्हणाली, आजपासून धरलाय.

दुपार कलल्यावर काका स्वतः सिंधूच्या दारात आले. हातात सायकल होती. पुसून चकचकीत केलेली, हँडलला रश्श्याचा डबा अडकवलेला. काका शब्दाचे पक्के होते, हे गावात कुणीही सांगेल. सिंधू लगबगीनं बाहेर आली, मालक बसा म्हणाली आणि पोरीला हाक मारली.

अयोध्या अंगणातच होती. हाताला वेळ कळत होती, म्हणून तिनं बादली भरून ठेवली होती.

"घे पोरी," काका म्हणाले. "घंटी बी नवी बसवलीय. वाजवून बघ."

अयोध्यानं बादली उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ओतली. पाणी केसांवरून, फ्रॉकवरून, पायांवरून खाली गेलं आणि अंगणातून वाहत सायकलच्या चाकाशी थांबलं. काका हँडल धरून उभे होते.

अयोध्या काकांकडं बघत तशीच ताठ उभी राहिली. तिनं अंग झाडलं नाही.