ओल्या मातीचा डबा

किल्लारीला भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षीची, म्हणजे १९९२ सालची ही गोष्ट. वडीगोद्रीला तेव्हा दर गुरुवारी अंबडहून हुसेनभाई सायकलला पोती बांधून यायचे आणि भंगारावर भांडी द्यायचे. घरोघरी ओट्यावर भंगार काढून ठेवलेलं असे. पण द्वारकाबाईसारखं कुणाचं नसे. पत्रा वेगळा, लोखंड वेगळं, फुटकी काच गोणपाटात गुंडाळलेली, रद्दी सुतळीनं आवळलेली. "भाभी, तुमच्या ओट्यावर मला कामच राहत न्हाई," हुसेनभाई म्हणायचे, आणि कुणी लुगडं नेसवल्यासारखा तिला आनंद व्हायचा.

त्या साली तिचा जीव एका मोठ्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या परातीवर जडला. हुसेनभाईंनी त्या परातीसाठी सहा किलो पत्रा सांगितला. हायवेवरच्या गॅरेजातून मागून आणलेले ऑइलचे डबे धरूनही थोडा कमीच भरत होता. शेजारची कांताबाई भिंतीवरून बघत होती.

"अक्का, एका डब्यात ओली माती दाबा अन् तोंड ठोकून बसवा. मापात बराबर भरतं."

"अन् त्यांनी उघडून बघितला मंग?"

"तुमचा डबा? साऱ्या गावाचे उघडतील, तुमचा न्हाई उघडायचे. मी तर दोनदा दिलाय."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. गुरुवारी परात घरात आली.

कांताबाईला नवरा नव्हता. लेक सासरी गेलेली आणि एकुलता एक मुलगा भुजंग जालन्याला भंगार वितळवायच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. रविवारी तो गावी आला आणि द्वारकाबाईच्या ओट्यावर चहाला बसला. कोपऱ्यातला एक डबा त्यानं उचलून हलवला.

"काकू, तोंड बंद असलेला डबा देत जाऊ नका. कापायचा, निथळायचा, उन्हात वाळवायचा, मंग द्यायचा."

"काहून रे? हुसेनभाई त्यात दूध घालणार हाये का?"

तो हसला. "भट्टीत लोखंडाचं पाणी झालेलं असतं, काकू. त्यात बंद डबा पडला अन् आत ओल असली, तर तोफेवाणी उडतो. मागल्या महिन्यात एकाचा सदरा जळाला."

सांगावं असं द्वारकाबाईच्या ओठापर्यंत आलं. पण ज्या ओट्याचं सारं गाव नाव घेई, त्याच ओट्यावर बसून हे कसं बोलायचं?

सोमवारी पहिल्या एस्टीनं ती अंबडला गेली, परात धडप्यात बांधून.

"हुसेनभाई, ही घ्या. माझा ऑइलचा डबा तेवढा परत द्या."

"गळते का, भाभी?"

"न्हाई. डबाच पाहिजे. त्यात ओली माती हाये."

"माल कालच जालन्याला गेला. तिथं पहाडाएवढा ढीग असतो. कुठं ढुंढणार?"

परात त्यांनी घेतली नाही. परतीच्या एस्टीत तिनं ठरवलं, लाज गेली चुलीत, भुजंगला सांगायचं. घरी पोचली तर तो दुपारच्या गाडीनं निघून गेला होता. पुढच्या रविवारी सांगू, असं तिनं मनाशी धरलं.

शुक्रवारी भट्टी उसळली.

भुजंगचा देह घेऊन आलेल्यांपैकी एकजण कांताबाईच्या दारात उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "भंगारात बंद डबा होता म्हणतात. आत ओल असणार." जमिनीवर बसलेल्या कांताबाईनं मान वर केली. तिनं द्वारकाबाईकडं पाहिलं. द्वारकाबाई उंबऱ्याकडं बघत राहिली.

जालन्याला कुठकुठून पत्रा येतो, आपलाच कशावरून, असं ती पुढं रोज मनाला समजावी. ते पटे आणि तासाभरात उसवे. कांताबाईच्या पाया पडून सगळं सांगून टाकावं, असं शंभरदा वाटलं. पण आपला एक डबा सांगायचा म्हणजे तिच्या दोन डब्यांची तिला आठवण द्यायची. पोराच्या आईला ती कशी द्यायची?

महिना-सव्वा महिन्यानं एका गुरुवारी ती ओट्यावर आली, तर कांताबाई आपल्या अंगणात छिन्नी-हातोडा घेऊन बसलेली. डब्याचं तोंड कापायचं, फडक्यानं आतून पुसायचं, उन्हात पालथा घालायचा.

"द्या अक्का, तुमचेबी कापते."

"हाताला लागंल, कांता."

"लागू द्या."

द्वारकाबाईनं डबे आणून तिच्यापुढं ठेवले आणि शेजारी बसून पुसायला घेतले. या गोष्टीवर दोघींचं बोलणं झालं ते एवढंच.

हुसेनभाई त्यानंतर प्रत्येक डबा उलटा करून बघत. ते २००१ साली वारले. पोरांनी अंबडला गोदाम टाकलं. कांताबाई शेवटी कुंभार पिंपळगावला लेकीकडं गेली आणि तिथंच २००४ साली गेली. द्वारकाबाई जालन्याला मुलाकडं राहायला आली. तिथं दारात घंटागाडी यायची. ती आली की तापत्या उन्हातही म्हातारी कापून वाळवलेले डबे घेऊन उभी राहायची. "आजी, तूप भरायचंय का त्यात?" गाडीवाला म्हणायचा. ती एकेक डबा त्याच्या हातात द्यायची. कांताबाईनंतर दोन वर्षांनी तीही गेली.

परातीत तिनं कधी पीठ मळलं नाही. आता परात सुनेकडं आहे. रोज सकाळी सून तिच्यात भाकरीचं पीठ मळते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही.