पेल्यांची अठ्ठी

"संयम ठेव," मी म्हणालो. "उगाच घाई नको. सगळं हळूहळू होणार आहे."

हिनं डाव्या हातानं उशी उचलली आणि मला फेकून मारली. नेम चुकला, पण राग बरोबर पोचला. पलंगाला जोडलेल्या छोट्या टेबलावर चहाचा कप होता आणि कपाशेजारी तिनं ठेवलेलं एक पान. पानावर पंख असलेली एक आकृती, दोन हातांत दोन पेले, एकातलं पाणी दुसऱ्यात ओततेय. माझ्या हातात भविष्य सांगायच्या पत्त्यांची, टॅरोची, नवशिक्यांसाठीची पुस्तिका होती आणि तिच्यात या चित्राखाली चक्क छापलं होतं : संयम, समतोल, धीर धरण्याचा संकेत. मी वाचलं तेच सांगितलं, यात माझं काय चुकलं?

"ते ते ते," ती म्हणाली. मग चित्रातल्या एका पेल्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग समोरच्या चहाच्या कपावर.

"चहा गरम आहे? ओतून गार करून हवाय?"

"ते," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी हा सूर इतक्यांदा ऐकलाय, की त्याला शब्द असले काय आणि नसले काय. उजेड पडला एकदाचा, असा त्याचा अर्थ. मी दुसरा कप आणला आणि चहा या कपातून त्या कपात करत बसलो.

सात महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. उरला तो 'ते' एवढाच आवाज. डोकं मात्र शाबूत. शब्द आत आहेत, पण बाहेर यायची वाट बंद झालीय, आणि लिहिणं-वाचणंही त्याच वाटेनं जातं म्हणून तेही गेलं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं किती पाहिली, त्यामुळे मला ते लगेच कळलं. फरक एवढाच, की तेव्हा माझ्याकडे दार उघडायची किल्ली असायची.

दोन महिन्यांनी तिला या केंद्रात आणलं. इथं झटका आलेली माणसं राहतात आणि चालणं, गिळणं, बोलणं पुन्हा शिकतात. बोलणं शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी हिला चित्रांचा एक संच दिला. पेला, पलंग, पंखा, संडास. काय हवं ते दाखवायचं. हिनं पेल्याचं चित्र पालथं घातलं आणि डोळे मिटून घेतले. तिचंही बरोबर होतं म्हणा. तीस वर्षं टपाल कचेरीत उभं राहून पत्रं लावलेली बाई, नुसता पत्त्याचा शेवटचा शब्द पाहून पत्र कुठल्या खणात जाणार ते सांगायची. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय, तर पेला आणि पंखा?

मग आली भाची. हिच्या बहिणीची मुलगी. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा तीच आमची. तिला दर तीन महिन्यांनी नवं खूळ लागतं. आधी गिटार झाली, मग मातीची भांडी झाली, आणि तेव्हा नेमकं टॅरो चालू होतं. अठ्ठ्याहत्तर पानं. बावीस मोठी पानं, बाकीची आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांची : पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी.

"मावशी, एक पान काढ. तुझं भविष्य सांगते."

मावशीनं एक पान काढलं नाही. अख्खा गठ्ठाच तिच्या हातातून घेतला, चादरीवर पसरला आणि अर्धा तास एकेक चित्र निरखून पाहिलं. मग एक उचलून माझ्यासमोर धरलं. लांब झग्यातला म्हातारा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदील.

भाचीनं घाईघाईनं पुस्तिका चाळली. "काका, हा एकांतवासी. एकांत, आत्मचिंतन. तिला एकटं राहायचंय हो."

आम्ही दोघं शहाण्यासारखे बाहेर जाऊन बाकावर बसलो, चांगले दोन तास. आत डोकावलो तर ही रागानं रडत होती. तिला काय म्हणायचं होतं ते कळायला दुसरा दिवस उजाडला. तिनं ते पान पुन्हा धरलं आणि बोट माझ्या छातीवर टेकवलं. कंदील घेतलेला म्हातारा म्हणजे मी. जन्मभर बॅटरी घेऊन लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यांत उतरणारा. झटका आल्यापासून तिनं मला हाक मारली नव्हती, ती हाक होती, आणि मी बाहेर जाऊन बसलो होतो.

त्या दिवशी मी एक वही केली. डाव्या बाजूला पुस्तिकेतला अर्थ, उजव्या बाजूला हिचा. तीन तलवारी आरपार गेलेलं लाल काळीज होतं, त्याच्या डाव्या बाजूला मी लिहिलं : विरह, काळजाला घरं पडणं. हे पान ती रोज दाखवायची, आणि भाची फोनवर मुसमुसायची, की मावशी आतून किती तुटलीय. उजवी बाजू भरायला आठवडा लागला : इंजेक्शन फार दुखतं, दुसऱ्या दंडात द्या. डोळे बांधून तलवारींच्या मध्ये उभी केलेली बाई म्हणजे खुर्चीचा पट्टा आवळलाय. घोड्यावर बसलेला सापळा, म्हणजे मृत्यू, पाहून मी आधी घाबरलोच होतो. पण पुस्तिका म्हणते की नवशिक्यांनी घाबरू नये, हे पान बदलाचं. हिच्या लेखी तो रोज सकाळी सहाला येऊन पाय ओढणारा व्यायामाचा मास्तर होता. मास्तर अंगानं बारीक. त्याला मी हे सांगितलं नाही, पण तो दारात दिसला की ही हळूच ते पान वर करायची आणि मला हसू आवरायचं नाही.

पेल्यांची दश्शी म्हणजे घर. त्यात लांबवर एक लाल छपराचं घर आहे आणि त्याच्याकडे पाहत उभं असलेलं जोडपं. आणि सिंहाच्या जबड्यावर दोन्ही हात ठेवलेली बाई म्हणजे ताईंचा तास. पुस्तिकेत तिचं नाव बळ. ताई हिची जीभ लाकडी पट्टीनं दाबून 'आ' म्हणायला लावायच्या, त्यात सिंह कोण आणि बाई कोण हे काही विचारायला नको.

ही चित्रं ज्यानं कोणी काढली त्याचे मी फार उपकार मानतो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्याच्या पानांवर एक घर चालेल. ताईंचेही उपकार. त्यांनी वही वाचली, स्वतःचा संच मुकाट्यानं पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "काका, हे मला सुचायला हवं होतं."

आता मुद्द्याचं सांगतो. हे सगळं होतं तरी मला एक गोष्ट हवीच होती. एकेचाळीस वर्षं ही मला 'अहो' म्हणत आली. अहो, ऐकलंत का. अहो, चष्मा कपाळावरच आहे. रागात वेगळं, लाडात वेगळं, पाहुण्यांसमोर तिसरंच. ते मला एकदा ऐकायचं होतं. ताईंच्या तासाला दाराबाहेर मी त्याच्याचसाठी उभा राहायचो.

इथं येऊन पाच महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. म्हणाले, चालण्यात जेवढी सुधारणा व्हायची तेवढी झाली. आता घरी नेता येईल. बोलण्याचं मात्र घरी जमणार नाही, त्यासाठी आणखी सहा महिने इथं राहून रोज दोनदा तास घ्यावे लागतील. अशा शंभर जणांत दहा जणांना दोन-चार शब्द येतात, आणि एकदा सोडलं की पुन्हा धरता येणं कठीण. शनिवारपर्यंत सांगा.

"शनिवार कशाला?" मी म्हणालो. "राहणार आम्ही."

खोलीत आल्यावर हिनं टेबलावर एक पान ठेवलं. पेल्यांची अठ्ठी. पुढं आठ पेले रचून ठेवलेत आणि लाल झग्यातला एक माणूस काठी टेकत, पाठ फिरवून डोंगराकडे निघालाय. हे पान आधी कधी आलं नव्हतं. मी पुस्तिका काढली. जे पुरे झाले ते मागे ठेवणे. स्वतःहून निघून जाणे.

इतके दिवस त्या पुस्तिकेतला एकही अर्थ आमच्याकडे लागू पडला नव्हता. हा मात्र पडला, आणि तो मला वाचायच्या आधीच कळला होता.

"तहान लागली का?" मी विचारलं आणि पाणी आणलं.

तिनं पाणी बाजूला सारलं आणि पानावर बोट आपटलं. मी दुसरा पेला आणला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वेड पांघरता येत नाही, कधीच आलं नाही, आणि तिला ते एकेचाळीस वर्षं माहीत आहे. संध्याकाळी तिचा डोळा लागल्यावर मी ते पान गठ्ठ्यातून काढलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या तेव्हा ही पानं लावत बसली होती. एका हातानं, पण टपाल कचेरीतल्याच सफाईनं : पेले एका ओळीत, तलवारी दुसऱ्या, काठ्या, नाणी, खाली मोठी पानं. पेल्यांच्या ओळीत सत्तीनंतर तिनं एक जागा मोकळी सोडली आणि मग नव्वी ठेवली. मोकळ्या जागेवर हात ठेवून ती बसून राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"एक पान हरवलं वाटतं," ताई म्हणाल्या. "खाली पडलं असेल. बघू या का?"

त्या वाकून पलंगाखाली बघायला लागल्या आणि मला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्यादेखत हिच्याविषयी परस्पर बोलणाऱ्यांना मी किती वेळा फाडून खाल्लं होतं. अहो, तिलाच विचारा की, तिला सगळं समजतं. आणि हिच्याकडे मोजून अठ्ठ्याहत्तर शब्द, त्यातला एक मी चोरला होता. तोही तिनं इथं राहायला नको म्हटलं म्हणून.

"ताई, उठा," मी म्हणालो. "पान माझ्याकडे आहे. मी लपवलं होतं."

डबी उघडून मी ते मोकळ्या जागेवर ठेवलं. ताई बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. त्याबद्दलही उपकारच मानायचे.

हिनं सगळी पानं बाजूला केली आणि तीनच मांडली. सिंहाच्या जबड्यावर हात ठेवलेली बाई. पेल्यांची अठ्ठी. पेल्यांची दश्शी. ताईंचा तास, सोडून निघणं, घर. इतक्या महिन्यांत तिनं उच्चारलेलं ते पहिलं पुरं वाक्य होतं, आणि त्याचा मधला शब्द मी डबीत घालून झोपलो होतो.

"मला तुझं बोलणं ऐकायचं होतं गं," मी म्हणालो. "फक्त 'अहो' एवढंच. तेवढ्यासाठी तुला सहा महिने इथं डांबायला निघालो होतो. घरी गेलो तर ते कायमचं गेलं, समजतंय ना तुला?"

"ते," ती म्हणाली. समजतंय. मग तिनं अठ्ठी उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि खालच्या पेल्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. आठही पेले सरळ उभे. एकही कलंडलेला नाही, फुटलेला नाही. ती इतक्या शांतपणे ते दाखवत होती, की मला हुंदका आवरेना. एकेचाळीस वर्षं भरभरून बोलून झालं होतं तिचं. ते कुठं जाणार नव्हतं. मी रडत होतो तोवर तिनं कंदीलवाला म्हातारा शोधला आणि अठ्ठीला खेटून ठेवला. मलाही बरोबर न्यायचं होतं तिला. मी जन्मात इतका कोणाचा ऋणी झालो नाही.

शनिवारी खाली कचेरीत कारकुनानं कागद पुढं केला. 'पुढील उपचार नको. निर्णय कोणाचा', आणि खाली दोन चौकोन : रुग्णाचा, नातेवाइकांचा. त्यानं न विचारताच दुसऱ्यावर खूण केली होती.

"हे चुकलंय," मी म्हणालो. "निर्णय हिचा आहे."

"बोलता न येणाऱ्यांचं आम्ही असंच करतो, काका. पद्धत आहे."

"ही बोललीय. मी तर उलट राहू या म्हणत होतो. दुसरा कागद द्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि नवा कागद काढला. पहिल्या चौकोनात खूण केली. मग शाईचा डबा तिच्यापुढं सरकवला, अंगठ्यासाठी. हिनं डबा परत सरकवला आणि पेनासाठी हात पुढं केला. लिहिणं गेलं तरी सही कधीकधी टिकते, असं ताई म्हणाल्या होत्या, पण डाव्या हातानं ती तिनं कधी केली नव्हती. पहिल्या अक्षरालाच बराच वेळ गेला. मागं रांग वाढत होती, कोणीतरी खाकरलं. कागद हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. तिनं शेवटचं अक्षर पुरं केलं, पेन खाली ठेवलं, आणि सही नीट आलीय का ते पाहायला कागद माझ्या हातांखालून स्वतःकडे ओढून घेतला.